कमी करायचं ते काय?

21 मार्च 1836 रोजी ग्योटिंगेनहून कार्ल फ्रीडरिश गाउसने आपल्या मित्राच्या, खगोलशास्त्रज्ञ शूमाखरच्या, पत्राला उत्तर लिहिलं. शूमाखरने भूमितीतलं एक कोडं घातलं होतं: चौकोनाच्या चारही कोपऱ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी होईल असा बिंदू कोणता? गाउसने उत्तर दिलं आणि प्रश्न थोडा वळवला. चार ठिकाणं एकमेकांना जोडणारं सर्वांत आखूड जाळं कोणतं, असं विचारलं तर त्यातून खरोखर सुंदर गणित उभं राहतं, असं त्याने लिहिलं. हा प्रश्न आपल्याला नवा नाही, हारबुर्ग, ब्रेमेन, हानोफर आणि ब्राउनश्वाइग ही चार शहरं रेल्वेने जोडायची झाली तर काय, याचा विचार करताना तो आपल्यापुढे आला होता, हेही त्याने सांगितलं. विद्यार्थ्यांना बक्षिसासाठी घालायला प्रश्न चांगला आहे, अशी पुस्तीही त्याने जोडली.

तारखेकडे पाहावं. जर्मनीतली पहिली आगगाडी न्यूरेंबर्गहून फ्यूर्थला गेली ती 7 डिसेंबर 1835 रोजी. म्हणजे सगळ्या जर्मनीत मिळून सहाएक किलोमीटरचा रूळ होता, आणि तो टाकून साडेतीन महिने झाले होते. हानोफरच्या राज्यात तर एक फूटही नव्हता. रूळ पडण्याआधीच त्यांच्या जाळ्याचं गणित एका माणसाच्या कागदावर उतरलं होतं. तो माणूसही साधा नव्हता. याच हानोफर राज्याची मोजणी त्याने वर्षानुवर्षं केली होती आणि तिथल्या टेकड्या, मनोरे नि देवळांचे कळस दुर्बिणीतून टिपले होते. ही चार शहरं त्याच्यासाठी नकाशावरचे नुसते ठिपके नव्हते.

कोडं समजायला एक चौरस पुरे. 100 किलोमीटर बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार गावं आहेत. तीन बाजूंनी रूळ टाकले तर 300 किलोमीटर लागतात आणि चारही गावं जोडली जातात. दोन कर्ण टाकून मध्ये जंक्शन केलं तर सुमारे 283. बहुतेकांना वाटतं, याहून कमी होणार नाही. पण होतं. मध्ये एकाऐवजी दोन जंक्शनं घ्यायची, प्रत्येक जंक्शनावर तीन रूळ 120 अंशांच्या कोनात भेटतील असे टाकायचे, की जाळं 273 किलोमीटरमध्ये बसतं. दहा किलोमीटर रूळ वाचले ते नुसत्या विचाराने. निसर्गालाही ही युक्ती येते. दोन काचांमध्ये चार खिळे उभे करून साबणाच्या पाण्यात बुडवले आणि बाहेर काढले, तर खिळ्यांमध्ये साबणाचा पडदा ताणला जातो. तो अशाच 120 अंशांच्या कोनांत स्थिरावतो, कारण ताण कमीत कमी पृष्ठभाग शोधतो.

पुढे या प्रश्नाला, स्टायनर या गणितीवरून, स्टायनरचा प्रश्न हे नाव चिकटलं. 1941 साली कूरांट आणि रॉबिन्स यांच्या गणितावरच्या लोकप्रिय पुस्तकाने ते रूढ केलं. गाउसचं पत्र आधीचं, पण नावाच्या बाबतीत असं होतं. नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट कळायला 1972 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी रिचर्ड कार्प यांनी 21 अवघड प्रश्नांची यादी मांडली. गावं वाढत गेली की शक्यता इतक्या झपाट्याने वाढतात की त्या सगळ्या तपासणं कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर जातं, अशा जातीचे ते प्रश्न होते, आणि जाळ्याचा हा प्रश्नही त्या यादीत होता. किती झपाट्याने, याचा अंदाज एका साध्या मोजणीने येतो. मध्ये नवी जंक्शनं न घेता, फक्त गावागावांमध्ये रूळ टाकून 4 गावं विनाफेरा जोडण्याच्या रीती 16 आहेत. 10 गावांसाठी त्याच रीती 10 कोटी होतात.

पण मला या पत्रात अवघडपणापेक्षाही जास्त गुंतवतो तो एक शब्द, ‘आखूड’. गाउसने कमी केली ती लांबी. रेल्वेच्या जाळ्यासाठी लिहिलेल्या प्रत्येक गणिती मॉडेलच्या गाभ्यात असाच एक निर्णय असतो: कमी करायचं ते काय? लांबी, खर्च, टन-किलोमीटर की प्रवाशाची वाट पाहण्याची मिनिटं? बाकी सगळ्या अटी, समीकरणं, संगणक या एका शब्दामागून येतात. या मॉडेलांची वंशावळ म्हणजे तो शब्द पिढ्यापिढ्यांत कसा बदलत गेला याची कहाणी आहे.

गाउसनंतरचा पहिला मोठा बदल त्याच हानोफरमध्ये झाला. विल्हेल्म लाउनहार्ट तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवत असे. 1872 साली त्याने वाहतुकीच्या मार्गांच्या ‘व्यापारी आखणी’वर पुस्तिका काढली. त्याचा मुद्दा सरळ होता. तीन शहरांमधलं जंक्शन लांबी पाहून ठरवायचं नाही, कोणत्या शहराकडे किती माल जातो ते पाहून ठरवायचं. एका लाकडी फळीला तीन भोकं पाडावीत, त्यांतून तीन दोऱ्या सोडून वर एकत्र गाठ मारावी आणि खालून प्रत्येक दोरीला त्या त्या शहराच्या वाहतुकीइतकं वजन टांगावं. गाठ सरकत सरकत जिथे थांबेल तिथे जंक्शन. वजनं सारखी असतील तर गाउसचे 120 अंश परत येतात. एका शहराचं वजन भारी असेल तर ते जंक्शनाला आपल्याकडे ओढतं, आणि फारच भारी असेल तर गाठ थेट त्याच्या भोकाशी जाऊन बसते. बाजारपेठ रुळांना ओढते हे व्यापाऱ्यांना ठाऊक होतंच. लाउनहार्टने ते कोनांत मांडलं.

अमेरिकेत आर्थर मेलन वेलिंग्टनने हेच काम इंजिनियरच्या अंगाने केलं. त्याचं रेल्वेच्या आखणीच्या अर्थशास्त्रावरचं पुस्तक 1877 साली निघालं आणि दहा वर्षांनी, 1887 साली, त्याची जाडजूड सुधारित आवृत्ती आली. वेलिंग्टनची तक्रार अशी की इंजिनियर नकाशावर रेघ सरळ दिसावी म्हणून धडपडतात. एखादा किलोमीटर वाचवतात, थोडंसं वळण काढून टाकतात, आणि त्यापायी मार्ग गावाला वळसा घालून गेला तरी त्यांना चालतं. त्याच्या हिशेबात लांबी ही किरकोळ बाब होती. दोन गोष्टी ठळक होत्या. मार्ग वाहतूक जिथे आहे तिथून जातो का, ही पहिली. दुसरी गोष्ट म्हणजे मार्गावरचा सर्वांत कडक चढ, कारण इंजिन किती डबे ओढेल हे त्या एका चढावर ठरतं. शंभर मैल सपाट असले आणि पाच मैल उभे असले, तर गाडीचं वजन ते पाच मैल ठरवतात.

हे समजायला मराठी माणसाला अमेरिकेत जायची गरज नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले याने आखलेला बोरघाटाचा मार्ग 1863 साली सुरू झाला. घाटाची लांबी सुमारे 25 किलोमीटर, चढाई 1,831 फूट आणि सर्वांत कडक चढ 37 फुटांना एक फूट. वेलिंग्टनचं पुस्तक यायला तेव्हा अजून चौदा वर्षं होती, पण त्याचा नियम बोरघाट आजही रोज शिकवतो. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. चाकांखालचा रूळ बदलला, वाफ जाऊन वीज आली, खंडाळ्यापाशी गाडी उलटी फिरवण्याचं स्टेशन 1929 साली इतिहासजमा झालं, तरी चढ तोच आहे आणि बँकरही आहे. आखणीच्या दिवशी मान्य केलेला एक आकडा दीडशेहून अधिक वर्षं रोजचा खर्च मागतो. कोकण रेल्वे आखताना याच्या उलट ठरलं. चढ 150 ला 1 याहून कडक ठेवायचा नाही. मग सह्याद्रीच्या फाट्यांमधून नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल बांधावे लागले. बर्कलेने बांधकामात वाचवलं आणि पुढच्या पिढ्यांनी इंजिनांवर खर्च केला, तर कोकणात आधी खर्च केला आणि गाड्या मोकळ्या केल्या. दोन्ही उत्तरं आपापल्या काळच्या बोगदे खणण्याच्या साधनांना धरून होती. 741 किलोमीटरच्या मार्गाला ते दुसरं उत्तर निवडणाऱ्यांचं धाडस मला आजही थक्क करतं.

इथवरचं गणित रूळ कुठून न्यायचे याचं होतं. विसाव्या शतकात प्रश्न उलटला: रूळ आहेत, आता त्यांवरून काय, किती आणि कुठून न्यायचं?

1930 साली सोव्हिएत संघाच्या वाहतूक खात्याने काढलेल्या एका संग्रहात ए. एन. टॉलस्टॉय यांचा लेख छापून आला. कादंबरीकारांच्या नावाशी साम्य आहे एवढंच. त्यांच्यापुढे मीठ, सिमेंट वगैरे माल निघण्याची 10 ठिकाणं होती, पोचवण्याची 68, आणि मध्ये सोव्हिएत रेल्वेचं अवाढव्य जाळं. एकूण टन-किलोमीटर कमीत कमी करायचे होते. प्रत्येक शहराला सर्वांत जवळच्या ठिकाणाहून माल द्यावा हे शहाणपण वाटतं, पण ते फसवं आहे. दोन मिठागरं आणि दोन शहरं घ्या. पहिल्या मिठागरापासून क शहर 100 किलोमीटर आणि ख शहर 150. दुसऱ्यापासून क 120 आणि ख 300. क ने जवळच्या, पहिल्या मिठागरातून मीठ घेतलं की ख ला 300 किलोमीटरवरून आणावं लागतं, बेरीज 400. क ने वीस किलोमीटर जास्त सोसून दुसऱ्याकडून घेतलं तर ख ला पहिलं मिळतं, बेरीज 270. टॉलस्टॉय यांनी अशा अदलाबदलीची साखळी शोधण्याची रीत मांडली: ठिकाणांमधून एक फेरी काढा, एकाआड एक वाहतूक वाढवा आणि घटवा, फेरीअखेर बेरीज कमी होत असेल तर योजना सुधारता येते. कमी करणारी एकही फेरी उरली नाही की योजना सर्वोत्तम. हे त्यांनी हाताने केलं, संगणकाशिवाय आणि पाठीशी लिनियर प्रोग्रॅमिंगचा सिद्धान्त नसताना. पुढे ॲमस्टरडॅमचे गणिती अलेक्झांडर श्रायव्हर यांनी तो प्रश्न संगणकावर सोडवून पाहिला. टॉलस्टॉय यांचं उत्तर सर्वोत्तमच निघालं.

लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविच यांनी 1939 साली या विचाराला सर्वसाधारण रूप दिलं. सुरुवात प्लायवुडच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या वाटपापासून झाली. मग गावुरिन यांच्याबरोबर त्यांनी मालवाहतुकीवर लेख लिहिला. तो 1940 च्या सुमारास तयार होता, छापून आला 1949 साली. त्यात रुळांच्या क्षमतेची मर्यादाही होती, म्हणजे या मार्गावरून एवढ्याच गाड्या जातील ही अट. अमेरिकेत त्या काळात त्यालिंग कूपमन्स युद्धकाळच्या जहाजांसाठी तसाच हिशेब करत होते, आणि 1947 साली जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याची सिंप्लेक्स पद्धत दिली. कांतोरोविच आणि कूपमन्स यांना 1975 साली अर्थशास्त्राचं नोबेल एकत्र मिळालं.

आता या वंशावळीतलं सर्वांत अस्वस्थ करणारं पान. 24 ऑक्टोबर 1955 या तारखेचा, रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधनसंस्थेचा एक गुप्त अहवाल आहे. लेखक दोन: गणिती टी. ई. हॅरिस आणि निवृत्त जनरल एफ. एस. रॉस. रॉस दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या अमेरिकी फौजेच्या वाहतुकीचे प्रमुख होते, म्हणजे रूळ उखडले की सैन्याचं काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. अहवालात पश्चिम सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपाच्या रेल्वेचं जाळं होतं: 44 बिंदू, 105 रेषा. प्रत्येक बिंदू म्हणजे रेल्वेचा एक विभाग, प्रत्येक रेषेवर तिची क्षमता. प्रश्न: रशियातून पूर्व युरोपात जास्तीत जास्त किती माल नेता येईल? हिशेब निघाला 1 लाख 63 हजार टन. आणि त्याच नकाशावर जाळ्याला आडवी कापणारी एक रेघ ओढलेली होती. तिने कापलेल्या मार्गांची एकूण क्षमताही नेमकी 1 लाख 63 हजार टन भरत होती. रेघेवर लिहिलं होतं, बाटलीचा गळा.

हा योगायोग नव्हता. हॅरिस यांनी प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला होता, आणि लेस्टर फोर्ड व डेल्बर्ट फुल्कर्सन यांनी 1954 सालीच सिद्ध केलं होतं की कोणत्याही जाळ्यातून जाणारा जास्तीत जास्त प्रवाह हा त्या जाळ्याच्या सर्वांत लहान छेदाएवढाच, म्हणजे अशा आडव्या रेघेने कापलेल्या कमीत कमी क्षमतेएवढाच, असतो. त्यांचा लेख 1956 साली प्रसिद्ध झाला, आणि आज तो संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. मुंबईचंच उदाहरण घ्या. जुन्या काळी देशावरून मुंबईत येणाऱ्या सगळ्या गाड्यांचा छेद बोरघाट आणि थळघाट हे दोनच होते. पुण्याला, मनमाडला यार्डं कितीही वाढवली तरी मुंबईत पोचेल तेवढंच, जेवढं या दोन घाटांतून उतरेल. जाळं कुठे वाढवावं हे विचारायचं असेल तर छेद कुठे पडतो ते आधी पाहावं लागतं.

पण हॅरिस आणि रॉस यांना जाळं वाढवायचं नव्हतं. त्यांच्यापुढे प्रश्न ते कुठे तोडायचं हा होता. कमीत कमी ठिकाणी घाव घालून सोव्हिएत रेल्वे बंद कशी पाडायची, यासाठी छेद हवा होता. टॉलस्टॉय यांनी ज्या देशाच्या रुळांवरून मीठ स्वस्तात पोचावं म्हणून गणित मांडलं, त्याच देशाच्या रुळांवर पंचवीस वर्षांनी दुसऱ्याने गणित मांडलं, ते नेमका बॉम्ब कुठे टाकावा यासाठी. वर्गात हे प्रमेय पाण्याच्या नळांची चित्रं काढून शिकवतात, त्याचं खरं मूळ कोणी सांगत नाही. अहवाल गुप्तच होता. श्रायव्हर यांच्या विनंतीवरून पेंटॅगॉनने तो 1999 साली खुला केला. आजच्या विद्यार्थ्यांना नळांऐवजी तो मूळ नकाशा दाखवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गणित कशासाठी मांडलं गेलं हेही गणिताच्या शिक्षणाचा भाग आहे.

यानंतर दोन बायकांची नावं घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रूळ टाकायचा की नाही, याला अर्धं उत्तर नसतं. टनांचे अपूर्णांक चालतात, पण सात दशांश बोगदा खणता येत नाही. शून्य किंवा एक, एवढ्याच दोन किंमती घेणारे प्रश्न सिंप्लेक्सच्या हाती लागत नव्हते. 1960 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी रीत दिली: आधी अपूर्णांक चालतील असं धरून उत्तर काढायचं, मग प्रश्नाला फांद्या फोडायच्या, एका फांदीवर हा रूळ टाकलाच, दुसरीवर टाकलाच नाही, आणि ज्या फांदीचं सर्वोत्तम उत्तरसुद्धा हाती असलेल्या उत्तरापेक्षा वाईट ती तिथेच छाटायची. 10 कोटी शक्यतांपैकी बहुतेक न पाहताच गळून पडतात. आज जगात कुठेही नवी मेट्रो, नवा मालवाहू मार्ग किंवा डब्यांचं वाटप संगणकाला विचारलं जातं, तेव्हा आत ही छाटणी चालू असते.

वेळापत्रकाची शाखा या झाडाला वेगळ्या मुळातून फुटली. 1840 च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल इब्री नावाच्या इंजिनियरने एका कागदावर आडवी वेळ आणि उभी स्टेशनं घेऊन गाड्या तिरप्या रेघांनी काढायला सुरुवात केली. एतियेन मारे याने आपल्या आलेखांवरच्या ग्रंथात तसा पॅरिस–लियाँचा तक्ता छापून तो सर्वदूर नेला. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान, रेघ आडवी म्हणजे गाडी उभी, आणि एकेरी मार्गावर दोन रेघा छेदतात तिथे क्रॉसिंगसाठी स्टेशन हवंच. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात आजही गाड्या याच रेघांवर चालवल्या जातात. दीडशे वर्षं वेळापत्रक म्हणजे अनुभवी माणसाची पेन्सिल आणि रबर.

मग नेदरलँड्सने 1970 साली आणि स्वित्झर्लंडने 1982 साली देशभर तालबद्ध वेळापत्रक आणलं. दर तासाला गाडी त्याच मिनिटाला. प्रवाशाला पुस्तक पाठ करावं लागत नाही, एक मिनिट लक्षात ठेवलं की झालं. गणिताच्या दृष्टीने मात्र हे घड्याळ अवघड आहे. 58 व्या मिनिटाला आलेली गाडी आणि 3 ऱ्या मिनिटाला सुटणारी गाडी यांच्यात पाचच मिनिटं आहेत, कारण साठानंतर पुन्हा शून्य येतं. एका जोडगाडीसाठी दोन मिनिटं सरकवली की ती दोन मिनिटं वर्तुळात फिरून मागून आपल्याच अंगावर येतात. 1989 साली पाओलो सेराफिनी आणि वॉल्टर उकोविच या दोन इटालियन गणितींनी अशा पुनःपुन्हा येणाऱ्या घटनांचं मॉडेल मांडलं आणि ते अवघड प्रश्नांच्या त्याच जातीत बसतं हेही दाखवलं. 1990 च्या दशकात ॲमस्टरडॅममध्ये त्यावर डच रेल्वेसाठी प्रोग्रॅम लिहिला गेला. लिहिणाऱ्यांत होते आद्री स्टेनबेक आणि तेच अलेक्झांडर श्रायव्हर. टॉलस्टॉय यांचं उत्तर तपासणारा आणि पेंटॅगॉनचा अहवाल खुला करवणारा माणूस स्वतः गाड्यांची मिनिटं जुळवत होता. या वंशावळीचा सर्वांत चांगला इतिहासकार तिचाच वारस आहे.

डिसेंबर 2004 मध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेत या मॉडेलने काढलेलं वेळापत्रक लागू झालं; जोडगाड्यांची प्रतीक्षा घटली आणि एक गाडीही वाचली. डिसेंबर 2006 मध्ये नेदरलँड्सने दिवसाला सुमारे 5,500 गाड्यांचं सगळं वेळापत्रक नव्याने बसवलं. लिओ क्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यासाठी 2008 साली एडेलमन पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार रेल्वेचा नफा वर्षाला सुमारे 4 कोटी युरोंनी वाढला.

पण मला डचांपेक्षा स्विसांचं काम मोठं वाटतं, कारण त्यांनी प्रश्नाचा क्रमच फिरवला. जगभर आधी रूळ टाकतात, मग त्यांवर बसेल तसं वेळापत्रक करतात. स्विसांनी आधी वेळापत्रक ठरवलं. मोठ्या स्टेशनांत सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याला किंवा अर्ध्या तासाला एकत्र याव्यात, प्रवाशांनी फलाट बदलावेत, आणि गाड्यांनी पुन्हा पांगावं. यासाठी दोन मोठ्या स्टेशनांमधला प्रवास तासाहून किंवा अर्ध्या तासाहून थोडा कमी असला पाहिजे. बर्न ते झ्युरिकला तासाहून जास्त वेळ लागत होता. तिथे मात्टश्टेटेन ते रोट्रिस्ट हा सुमारे 45 किलोमीटरचा नवा मार्ग बांधून वेळ 56 मिनिटांवर आणली. पन्नास किंवा पंचेचाळीस मिनिटांवर आणण्याची त्यांना गरज वाटली नाही. जिथे गाडी आधीच वेळेत पोचत होती तिथे रुळांना हात लावला नाही. वेग शक्य तितका नाही, लागेल तितका. ‘बान 2000’ नावाची ही योजना 6 डिसेंबर 1987 रोजी सार्वमताला टाकली गेली, लोकांनी ती मंजूर केली, आणि 12 डिसेंबर 2004 रोजी ती अमलात आली. कमी करायचं ते काय, या प्रश्नाचं उत्तर इथे गणितींनी दिलं नव्हतं, रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीही नाही. लोकांनी मत देऊन सांगितलं: आमची फलाटावर वाट पाहण्याची मिनिटं कमी करा.

आपल्याकडे हा प्रश्न असा उघड विचारला जात नाही. नव्या मार्गाचं सर्वेक्षण होतं, आणि अनेक वर्षं 14 टक्के परताव्याची कसोटी लावली जात असे. मार्ग तेवढा परतावा देत नसेल तर तो ‘न परवडणारा’. हा आकडा म्हणजे मॉडेलमधली एक अट आहे, आणि ती अट अहमदनगर–बीड–परळी या 261 किलोमीटरच्या मार्गासारख्या कित्येक मार्गांच्या आड पिढ्यान्पिढ्या उभी राहिली. बीडच्या ऊसतोड कामगाराचा कारखान्यापर्यंतचा प्रवास, गर्भार बाईचा मोठ्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास कोणत्या रकान्यात जातो? रकाना नसेल तर मॉडेलच्या हिशेबात तो प्रवास नाही. गोव्यात 1990 च्या दशकात कोकण रेल्वेच्या आखणीवरून जो वाद पेटला, त्यात लोक हेच म्हणत होते: रेघ चढ आणि खर्चाच्या दृष्टीने बरोबर असेल, पण ती आमच्या खाजण जमिनींवरून जाते, आणि खाजणाची किंमत तुमच्या हिशेबात धरलेली नाही. गणित चुकीचं नव्हतं. एक पद गळालं होतं.

गळालेलं पद परत घालता येतं, हेही कोकण रेल्वेनेच दाखवलं. दर पावसाळ्यात तिथे वेगळं वेळापत्रक लागतं. दरडी, धुकं आणि भिजलेली कातळं लक्षात घेऊन गाड्यांचा वेग कमी करतात, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात. रोहा–वीर टप्पा सोडला तर मार्ग बराचसा एकेरी, त्यामुळे एका गाडीचा वेग घटला की क्रॉसिंगची सगळी गणितं नव्याने मांडावी लागतात. मुंबईहून गावी निघालेला चाकरमानी त्या दोन-तीन तासांवर कुरकुरतो. पण त्या वेळापत्रकात कमी केलं आहे ते वेळेपेक्षा मोलाचं आहे. जून ते ऑक्टोबर तिथे जोखीम कमी करतात.

आता पुन्हा गाउसच्या पत्राकडे, त्याच्या शेवटच्या सूचनेकडे. हा प्रश्न विद्यार्थ्यांना बक्षिसासाठी घाला, असं त्याने सुचवलं होतं. महाराष्ट्रातल्या गणिताच्या नि स्थापत्याच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, तो खरंच घाला. जिल्ह्याचा नकाशा घ्या, रेल्वे नसलेली चार तालुक्यांची गावं निवडा, ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्यांत त्या जागी चार स्क्रू लावा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. सर्वांत आखूड जाळं मुलांना बहुधा डोळ्यांदेखत दिसेल. मग त्याच नकाशावर डोंगर, नद्या, ओलिताच्या जमिनी, आठवडी बाजार आणि दवाखाने खुणा करून आणा, आणि बक्षीस द्या ते त्या विद्यार्थ्याला, जो सांगेल की या जाळ्यात काय मोजायचं राहिलं.